मासे अचानक मरतात तेव्हा पाण्यातील कीटकांची साक्ष

मे महिन्याची अखेर असते किंवा मृगाचा पहिला जोरदार पाऊस नुकताच पडून गेलेला असतो. सकाळी तलावाच्या काठाशी पांढरी पोटे वर आलेले मासे तरंगताना दिसतात. आदल्या संध्याकाळपर्यंत त्यांनी खाद्य घेतलेले असते, अंगावर जखम नसते, रोगाचे चिन्हही नसते. दुपारपर्यंत गावात एकच निष्कर्ष पक्का होतो, तो म्हणजे कोणीतरी पाण्यात विष कालवले. संशय शेजारच्या शेतकऱ्यावर जातो, तलावाच्या लिलावात मागे पडलेल्या गटावर जातो किंवा त्याच पाण्यात शिंगाडा लावणाऱ्यावर जातो. पाण्याचा नमुना चार दिवसांनी प्रयोगशाळेत पोहोचतो, अहवालात काहीही सापडत नाही आणि संशय मात्र वर्षानुवर्षे टिकून राहतो.

अशा एका रात्रीत होणाऱ्या सामूहिक मरतुकीची दोन कारणे सर्वांत महत्त्वाची आहेत: पाण्यातील प्राणवायू संपणे आणि कीटकनाशक पाण्यात उतरणे. अडचण अशी की दोन्ही कारणे आपला पुरावा स्वतःच पुसून टाकतात. पहाटे संपलेला प्राणवायू ऊन वर येताच पुन्हा वाढू लागतो. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशक एक-दोन दिवसांत गाळाला आणि सेंद्रिय कणांना चिकटून पाण्यातून दिसेनासे होते. उशिरा घेतलेल्या नमुन्यात काही न सापडणे याचा अर्थ काही घडलेच नाही असा होत नाही. मात्र पाण्यातील कीटक व त्यांचे नातलग असलेले इतर संधिपाद प्राणी यांची स्थिती पाहिली तर दोन कारणांमधील फरक बराचसा उलगडतो. त्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. मच्छरदाणीच्या कापडाची जाळी आणि एक पांढरे ताट पुरेसे होते.

जबलपूरचे ताल आणि शिंगाडा

या प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी जबलपूरइतके सोयीचे ठिकाण क्वचितच सापडेल. गोंड राजवटीत या परिसरात तलावांचे मोठे जाळे उभे राहिले आणि शहराला बावन तालांचे शहर म्हणण्याची परंपरा आजही आहे. राणीताल, हनुमानताल, सूपाताल, देवताल, संग्रामसागर ही त्यांतील काही नावे. राणी दुर्गावतीचे दिवाण आधारसिंह यांचे नाव ज्या तलावाला मिळाल्याचे सांगितले जाते, त्या आधारताल परिसरातच १९६४ मध्ये स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय आहे. देशपातळीवर तणांवर संशोधन करणारी, १९८९ मध्ये सुरू झालेली आणि आज तण संशोधन संचालनालय म्हणून ओळखली जाणारी संस्थाही तेथून जवळच आहे.

शहरातील तालांत सांडपाणी, निर्माल्य आणि जलपर्णी यांचा भार आहे. ग्रामीण भागात, विशेषतः सिहोऱ्याच्या बाजूला, तलाव म्हणजे शिंगाडा आणि मासे. मराठी वाचकाला हे चित्र अनोळखी वाटू नये. १९५६ पर्यंत जबलपूर व विदर्भ एकाच प्रांतात होते आणि भंडारा-गोंदियाच्या माजी मालगुजारी तलावांतही शिंगाडा व मासळी शेजारी शेजारी नांदतात. पीक तेच, त्यावरची कीडही तीच.

ती कीड म्हणजे शिंगाड्यावरील भुंगेरा, शास्त्रीय नाव गॅलेरुसेला बिर्मानिका. पावसाळ्याच्या आरंभी रोपे लावली जातात आणि पाने पाण्यावर पसरू लागताच हा भुंगेरा दिसू लागतो. प्रौढ व अळ्या दोन्ही पानाचा वरचा हिरवा थर खरवडून खातात. पाने जाळीदार होतात, तपकिरी पडतात आणि कुजतात. प्रादुर्भाव वाढला की शेतकरी घरात शिल्लक असलेले, कापसासाठी किंवा भाजीपाल्यासाठी आणलेले कीटकनाशक डोंगीतून फवारतो. त्यानंतर मासे मेले तर दोष फवारणीचा, असे मानले जाते. ते अनेकदा खरे असते, पण नेहमीच नाही. शिंगाड्याच्या पानांनी तलावाचा पृष्ठभाग पूर्ण झाकला, की पाण्यात प्रकाश उतरत नाही, वाऱ्याने पाणी ढवळले जात नाही आणि खाली कुजणारी पाने प्राणवायू खात राहतात. फवारणीचा थेंबही न पडलेल्या अशा तलावात मासे गुदमरून मरू शकतात. खरा कारक कोणता हे ठरवल्याशिवाय भरपाई कोणी कोणाला द्यायची, पुढच्या हंगामात काय बदलायचे, यांपैकी काहीच ठरवता येत नाही.

पहाटेचा प्राणवायू

पाणी जितके उष्ण, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मि.ग्रॅ. प्राणवायू विरघळतो. ३० अंशांना हे प्रमाण ७.५ मि.ग्रॅ.वर येते आणि ३५ अंशांना ७ मि.ग्रॅ.च्या किंचित खाली जाते. जबलपूरच्या मे महिन्यातील उथळ तलावात म्हणजे मुळातच भांडवल कमी. त्यात हिरव्या शेवाळाने गच्च झालेले पाणी दिवसा प्रकाशसंश्लेषणाने प्राणवायू बनवते आणि रात्रभर तोच प्राणवायू स्वतःच्या श्वसनासाठी वापरते. म्हणून सर्वांत कमी पातळी सूर्योदयाच्या थोडी आधी असते. रोहू, कटला, मृगळ यांच्या चांगल्या वाढीसाठी लिटरमागे ५ मि.ग्रॅ. प्राणवायू असावा, ३ मि.ग्रॅ.च्या खाली ते खाद्य सोडू लागतात आणि १ मि.ग्रॅ.च्या आसपास मरतुक सुरू होते.

पावसाळ्याच्या तोंडाशी आणखी दोन गोष्टी घडतात. सलग ढगाळ हवेमुळे दिवसा प्राणवायू तयार होणे मंदावते. शिवाय पावसाचे थंड, जड पाणी तळाशी जाते आणि तळाचे प्राणवायूविरहित, सडक्या अंड्याच्या वासाचे पाणी वर येते. सोबत काठावरचे शेण, कचरा, शहरात सांडपाणी वाहून येते आणि त्याच्या कुजण्यालाही प्राणवायू लागतो. पहिल्या मोठ्या पावसानंतर मासे मेले की लोक शेतातून विष वाहून आले असे म्हणतात. तेही शक्य आहे, म्हणूनच लक्षणे पाहणे आवश्यक ठरते.

गुदमरणारे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाने हवा घेतात, पाणी आत येते त्या तोंडाशी गर्दी करतात आणि माणूस जवळ गेला तरी पळत नाहीत. बहुधा मोठे मासे आधी मरतात. मेलेल्या माशांचे तोंड उघडे व कल्ले फुललेले दिसतात. मरळ, मागूर, शिंगी यांच्यासारखे थेट हवेतून श्वास घेऊ शकणारे मासे त्याच तलावात जिवंत राहतात.

दहा मिलिलिटरचा हिशेब

कीटकनाशकाच्या बाबतीत प्रमाणाचा अंदाज चुकतो, कारण शेतकरी एकरी मिलिलिटरमध्ये विचार करतो आणि मासा मायक्रोग्रॅममध्ये मरतो. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, लॅम्बडा-सायहॅलोथ्रिन ही पायरेथ्रॉइड गटातील रसायने अनेक जातींच्या माशांना लिटरमागे एकेरी आकड्यातील मायक्रोग्रॅम, काही जातींना त्याहूनही कमी मात्रेत प्राणघातक ठरतात. झिंगे, प्राणीप्लवक आणि जलकीटक तर त्याहून कमी मात्रेला मरतात.

२० मीटर लांब, २० मीटर रुंद आणि सरासरी अडीच मीटर खोल शेततळे घेऊ. त्यात १,००० घनमीटर, म्हणजे १० लाख लिटर पाणी असते. सायपरमेथ्रिन १० टक्के प्रवाही कीटकनाशकाच्या १० मि.लि.मध्ये सुमारे १ ग्रॅम, म्हणजे १० लाख मायक्रोग्रॅम क्रियाशील घटक असतो. फवारणी पंप या तळ्यात विसळला आणि त्यातून एवढे औषध उतरले, तर संपूर्ण तळ्यात लिटरमागे १ मायक्रोग्रॅमची पातळी येते. कार्प जातीच्या माशांसाठी ही धोक्याच्या उंबरठ्यावरची मात्रा आहे. प्रत्यक्षात औषध लगेच सर्वत्र मिसळत नाही, त्यामुळे विसळलेल्या कोपऱ्यात ते कितीतरी पट तीव्र असते.

शिंगाड्याचा हिशेब याहून कठीण आहे. एक मीटर खोलीच्या एक एकर तलावात सुमारे ४० लाख लिटर पाणी असते. तेच औषध एकरी २०० मि.लि. फवारले तर २० ग्रॅम क्रियाशील घटक पडतो. पानांनी निम्मे अडवले असे धरले तरी पाण्यात लिटरमागे अडीच मायक्रोग्रॅम पोहोचते. गाळ व सेंद्रिय कण त्यातील काही भाग शोषून घेतील हे खरे, परंतु त्याआधीचे काही तास माशांसाठी पुरेसे घातक असतात.

माणसाला तुलनेने सुरक्षित असलेले औषध माशाला इतके घातक का, हा प्रश्न साहजिक आहे. सस्तन प्राणी व पक्षी यांच्या शरीरातील विकरे पायरेथ्रॉइडचे रेणू लवकर मोडतात. माशांत ही क्रिया फार मंद असते. शिवाय ही रसायने मेदात विरघळणारी असल्याने कल्ल्यांतून झपाट्याने आत शिरतात. कीटकनाशकाच्या डब्यावरील लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण केवळ सस्तन प्राण्यांवरील तीव्र विषारीपणाची पातळी सांगतो. त्रिकोण हिरवा आहे म्हणून औषध तलावाकाठी निर्धोक, असा अर्थ काढणे चुकीचे आहे. कडुनिंबाच्या उत्पादनांबद्दलही असाच गैरसमज आढळतो. पायरेथ्रॉइडच्या तुलनेत ती पुष्कळ सौम्य असली, तरी उथळ पाण्यात अधिक मात्रेने ओतल्यास माशांना अपाय होतो. एकेकाळी एंडोसल्फानने पाण्यातील माशांचे मोठे नुकसान केले. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बंदी घातली. त्याची जागा घेणाऱ्या औषधांपैकी काही माशांच्या बाबतीत फारशी दयाळू नाहीत.

पायरेथ्रॉइडने बाधित मासे सुरुवातीला बेभान होऊन धावतात, पाण्याबाहेर उड्या मारतात, मग तोल जाऊन कुशीवर पोहतात आणि तळाशी जातात. हे दिवसाच्या कोणत्याही वेळी घडते आणि पिल्ले व लहान मासे बहुधा आधी मरतात. पण मेलेले मासे सापडतात तेव्हा हे वर्तन पाहणारा कोणी नसतो. म्हणून साक्षीदार शोधावे लागतात.

कोण जिवंत आहे?

मासे मेले की सर्वांची नजर मेलेल्यांवर असते. तपासाच्या दृष्टीने जिवंत कोण राहिले हा प्रश्न अधिक उपयोगी आहे. कारण पाण्यातील पुष्कळ कीटक पाण्यातला प्राणवायू वापरतच नाहीत. उताणे पोहणारे पाणढेकूण आणि पाणभुंगेरे पृष्ठभागावर येऊन हवेचा बुडबुडा सोबत घेऊन खाली जातात. पाणविंचू शेपटीसारख्या नळीने श्वास घेतो. डासांच्या अळ्या उलट्या लटकून नळी हवेत ठेवतात. लांब पायांनी पाण्यावर सरकणारे कीटक तर पाण्यात उतरतच नाहीत. तळाच्या चिखलातील लाल अळ्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन असल्याने त्या अत्यल्प प्राणवायूतही तग धरतात. तलावाचा प्राणवायू शून्यावर आला तरी ही मंडळी जिवंत सापडतात.

कीटकनाशकाच्या बाबतीत चित्र बरोबर उलटे होते. ज्यांना मारण्यासाठी औषध बनवले, तेच आधी मरतात. काठाशी पाणढेकूण आणि पाणभुंगेरे मेलेले तरंगतात, चतुराची पाण्यातील पिल्ले पाय आखडून पडलेली असतात, झिंगे व खेकडे मरतात. गोगलगायी व शिंपले मात्र पायरेथ्रॉइडला बऱ्याच अंशी दाद देत नाहीत. झिंगे मेलेले आणि गोगलगायी चालत्या, हे दृश्य दिसले तर पायरेथ्रॉइडचा संशय बळावतो. काही वेळा मासे पूर्ण निरोगी असतात आणि कीटक व झिंगेच मेलेले आढळतात. इमिडाक्लोप्रिडसारखी औषधे माशांना त्या मानाने कमी आणि संधिपादांना अत्यंत घातक असल्याने असे घडू शकते. मासे वाचले म्हणून ती घटना दुर्लक्षिण्याजोगी नसते, कारण माशांच्या पिल्लांचे नैसर्गिक खाद्यच त्यात संपलेले असते.

पाहणीची पद्धत साधी आहे. घटना कळताच, शक्यतो त्याच दिवशी, काठावरच्या गवतातून व पाणवनस्पतींतून जाळी तीन-चार ठिकाणी फिरवावी आणि आलेला ऐवज पांढऱ्या ताटात थोड्या पाण्यात पसरावा. दहा मिनिटे शांतपणे पाहावे. मेल्यासारखे दिसणारे कित्येक कीटक तेवढ्यात हलू लागतात. त्यानंतर काचेच्या पेल्यात तलावाचे पाणी घेऊन उजेडाकडे धरावे. निरोगी पाण्यात झटके देत उड्या मारणारे बारीक ठिपके दिसतात, ते प्राणीप्लवक. पाणी हिरवेगार असून असा एकही ठिपका हलत नसेल, तर ती नोंद महत्त्वाची. मात्र केवळ प्राणीप्लवक मेले म्हणून कीटकनाशकाचा निष्कर्ष काढू नये. प्राणवायूच्या तीव्र अभावात तेही मरतात. हवेत श्वास घेणारे कीटक हाच येथे निर्णायक साक्षीदार आहे. उशीर केल्यास ही साक्षही बिघडते. पाणढेकूण व पाणभुंगेरे उडू शकतात आणि काही दिवसांत शेजारच्या डबक्यांतून नवे कीटक येऊन दाखल होतात.

कीटक जिवंत असताना मासे मेले तर कारण प्राणवायूचेच असेल असेही नाही. अमोनिया, विषारी निळे-हिरवे शेवाळ, कारखान्याचे किंवा गटाराचे पाणी यांनीही मासे मरतात. रोज दोन-चार अशा संख्येने आठवडाभर मरणारे, अंगावर व्रण असलेले मासे हा रोगाचा विषय आहे. १९८८ मध्ये भारतात शिरलेला व्रणरोग हिवाळ्यात असाच दिसतो. कीटकांची साक्ष येथे एवढेच सांगते की शोध कीटकनाशकाच्या दिशेने करायचा की नाही. पण गावातील भांडण नेमके त्याच प्रश्नावर असते.

बादलीतील चाचणी

संशय असल्यास आणखी एक पायरी गावातच पार पाडता येते. दोन स्वच्छ बादल्या घ्याव्यात. ज्या बादलीत पूर्वी औषध कालवले असेल ती घेऊ नये. एकीत संशयित तलावाचे पाणी, दुसरीत खात्रीच्या विहिरीचे पाणी भरावे. दूरच्या एखाद्या डबक्यातून डासांच्या अळ्या आणून प्रत्येकीत वीस-वीस सोडाव्यात, वर कापड बांधून सावलीत ठेवाव्यात आणि २४ तासांनी मोजाव्यात. या अळ्या हवेतून श्वास घेत असल्याने पाण्यातील प्राणवायू कमी असला तरी त्यांना फरक पडत नाही. तलावाच्या पाण्यात त्या मेल्या आणि विहिरीच्या पाण्यात जगल्या, तर पाण्यात कीटकांना मारणारे काहीतरी आहे असे बऱ्याच विश्वासाने म्हणता येते.

उलट निकालावर मात्र तेवढा विश्वास टाकू नये. डासांच्या अनेक वसाहतींत पायरेथ्रॉइडविरुद्ध प्रतिकारशक्ती आलेली आहे, शिवाय औषध एव्हाना गाळात उतरलेले असू शकते. अळ्या जगल्या म्हणजे फवारणी करणारा निर्दोष ठरला, असे नव्हे. अळ्या मिळत असल्यास प्राणीप्लवकांचीही अशीच चाचणी सोबत करावी. ते अधिक संवेदनशील असतात, मात्र त्यांच्यासाठी पाणी आधी वरून ओतून ओतून हवेशीर करून घ्यावे लागते. चाचणी संपताच उरलेल्या अळ्या कोरड्या जमिनीवर ओतून नष्ट कराव्यात.

हीच विचारपद्धत घरातील काचेच्या टाकीलाही लागू पडते, आणि तेथे ती अधिक स्पष्ट दिसते. समुद्रापासून दूर असलेल्या जबलपूर-नागपूरसारख्या शहरांतही तयार मिठाचे मिश्रण पाण्यात कालवून समुद्री मासे पाळणारे हौशी लोक आहेत. त्याच तापमानाच्या गोड्या पाण्यापेक्षा समुद्री पाण्यात प्राणवायू सुमारे एक पंचमांशाने कमी मावतो आणि त्याचा सामू ८.२ च्या आसपास असल्याने थोडाही अमोनिया अधिक विषारी ठरतो. नव्या टाकीत जिवाणूंची वसाहत स्थिरावण्यास चार ते सहा आठवडे लागतात; त्याआधी भरपूर मासे सोडणे हे तेथील मरतुकीचे सर्वांत सामान्य कारण. पण जुन्या, स्थिरावलेल्या टाकीत आधी कोळंबी व खेकडे मेले आणि मग मासे सैरभैर झाले, तर खोलीत काय फवारले गेले याची चौकशी करावी. डास पळवणाऱ्या द्रव यंत्रांत ट्रान्सफ्लुथ्रिन किंवा प्रॅलेथ्रिन असते, आणि तीही पायरेथ्रॉइडच आहेत. टाकीचा हवापंप खोलीतील तीच हवा ओढून पाण्यात सोडतो. झुरळांच्या फवाऱ्याबाबत तर हा धोका आणखी मोठा. टाकीवर माशांच्या परजीवींसाठी तांबेयुक्त औषध वापरले असेल तर कोळंबी मरते आणि मासे बहुधा वाचतात, हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे.

परजीवीवरून तलावातील आणखी एक प्रसंग ओघाने येतो. रोहू-कटल्याच्या अंगावर चिकटणारी माशांची ऊ, म्हणजे आरग्युलस, हा कीटक नसून कवचधारी प्राणी आहे. म्हणूनच पायरेथ्रॉइडच्या अत्यल्प मात्रेने ती मरते आणि मासा वाचतो. या दोन मात्रांमधील अंतर फार थोडे असते. तलावाचे क्षेत्रफळ अंदाजाने आणि खोली पावसाळ्यातील धरून उन्हाळ्यात औषध टाकले, तर उवेसोबत मासेही जातात. अशा वेळी विष टाकणारा शोधण्याची गरजच नसते.

तण मारताना मासे मरू नयेत

तालांतील जलपर्णीचे आच्छादन हा मरतुकीचा तिसरा मोठा धागा. जलपर्णीवर तणनाशक फवारल्यास मासे त्या रसायनाने मरतीलच असे नाही. पण एकाच वेळी संपूर्ण आच्छादन मेले, की शेकडो क्विंटल हिरवा पाला पाण्यात बुडून कुजू लागतो आणि आठ-पंधरा दिवसांनी प्राणवायू कोसळतो. फवारणी व मरतूक यांत एवढे अंतर पडल्याने कारण कोणाच्या लक्षात येत नाही. त्यामुळे तलावाचा तिसरा किंवा चौथा भागच एका वेळी हाताळावा, मेलेले तण बाहेर काढावे आणि मगच पुढच्या पट्ट्याकडे वळावे.

कीटकशास्त्राने येथे एक संथ पर्याय दिलेला आहे. जलपर्णीवर जगणारे निओचेटिना जातीचे सोंडे भुंगे १९८० च्या दशकाच्या आरंभी भारतात आणले गेले. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाने त्यांवर, तसेच साल्विनिया तणावर जगणाऱ्या सिर्टोबेगस साल्विनी या भुंग्यावर मध्य प्रदेशातील तलावांत काम केले आहे. भुंग्यांनी तण हळूहळू खचते, कुजण्याचा भार वेळेत विभागला जातो आणि माशांना एकदम धक्का बसत नाही. निकालासाठी महिने, कधी वर्षे थांबावे लागते. ज्यांना येत्या सणापूर्वी ताल स्वच्छ हवा असतो त्यांना हा पर्याय पसंत पडत नाही. पण तलावात भुंगे सोडलेले असताना काठाच्या शेतात पायरेथ्रॉइड फवारले, तर तण खाणारे हे मित्रही मरतात.

शिंगाड्यावरील भुंगेऱ्यासाठीही सुरुवात हातानेच करावी. रोपे लावण्यापूर्वी अंडीपुंज व अळ्या असलेली पाने काढून टाकावीत. लागवडीनंतर पहिले काही आठवडे डोंगीतून फेरी मारून खरवडलेली पाने गोळा करून काठापासून दूर पुरावीत. तोडणी संपल्यावर जुन्या वेली तलावात तशाच सोडू नयेत. लेबलवर शिंगाडा हे पीक छापलेले नसेल तर ते कीटकनाशक तलावात फवारण्याचा प्रश्नच उद्भवू नये. मासे आहेत त्या पाण्यात पायरेथ्रॉइड तर कोणत्याही मात्रेत नको.

चुना टाकण्याची घाई

मासे मरू लागले की पहिली प्रतिक्रिया चुना टाकण्याची असते. ती अनेकदा घातक ठरते. पाण्यातील एकूण अमोनियापैकी विषारी रूपातील वाटा सामूवर अवलंबून असतो. ३० अंश तापमानाला सामू ७ असताना हा वाटा १ टक्क्याहून कमी असतो, सामू ८ ला सुमारे ७ टक्के आणि सामू ९ ला तो ४० टक्क्यांच्या पुढे जातो. सांडपाण्याच्या किंवा जास्त खाद्य टाकलेल्या तलावात चुना ओतून सामू वाढवणे म्हणजे असलेल्या अमोनियाला धार लावणे होय. आधी सामू व अमोनिया मोजावा; त्यांच्या साध्या चाचणी-पेट्या बाजारात मिळतात.

प्राणवायूची लक्षणे दिसत असतील तर खाद्य व शेणखत त्याच क्षणी बंद करावे, पंपाने त्याच तलावाचे पाणी उचलून फवाऱ्यासारखे पुन्हा तलावात पाडावे, ताजे पाणी उपलब्ध असल्यास सोडावे. हे काम रात्री दोन-तीनच्या सुमारास सुरू झाले तर उपयोग. सकाळी आठ वाजता बहुतेक नुकसान होऊन गेलेले असते. कीटकनाशकाचा संशय असेल तर शेतातून येणारा प्रवाह अडवावा आणि शक्य तेवढे पाणी बदलावे. बदललेले पाणी दुसऱ्याच्या तळ्यात किंवा ओढ्यात जाणार नाही हे पाहावे. दोन्ही प्रसंगी मेलेले मासे खाऊ वा विकू देऊ नयेत. काठावर फुकट मिळालेली मासळी टोपलीत भरून नेण्याची सवय अनेक गावांत आहे, आणि कारण ठरण्याआधीच ती शिजलेली असते. विस्तार कार्यकर्त्याने तलावावर पोहोचताच पहिले काम हेच थांबवण्याचे करावे.

नमुना कसा घ्यावा

प्राणवायू जागेवरच आणि सूर्योदयापूर्वी मोजावा. घटना सकाळी कळली असेल तर दुसऱ्या दिवशी पहाटे मोजावा. कारण कायम असेल तर पातळी तेव्हाही खालीच सापडते. दुपारी मोजलेला आकडा तपासाच्या उपयोगाचा नाही. कीटकनाशकासाठी पाणी स्वच्छ, गडद रंगाच्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून बर्फात ठेवावे; प्लॅस्टिकच्या बाटलीच्या भिंतींना पायरेथ्रॉइड चिकटते. पाण्यासोबत वरच्या थरातील गाळाचा नमुना अवश्य घ्यावा, कारण दोन दिवसांनंतर पुरावा तेथेच सापडण्याची शक्यता अधिक असते. प्रवाह जेथून येतो तेथील आणि मरतूक न झालेल्या कोपऱ्यातील नमुना तुलनेसाठी हवा. मासे फुगलेले, वास येणारे नकोत. मरणासन्न किंवा नुकतेच मेलेले तीन ते पाच मासे अवशेष तपासणीसाठी धातूच्या पातळ पत्रात गुंडाळून गोठवावेत. रोगाच्या तपासणीसाठीचे मासे मात्र गोठवू नयेत, ते बर्फावर ठेवून त्याच दिवशी पोहोचवावेत.

प्रत्येक नमुन्यावर दिनांक, वेळ आणि जागा लिहावी. सोबत कागदावर मागील सात दिवसांतील पाऊस, ढगाळ दिवस, टाकलेले खाद्य व खत, काठापासून शंभर-दोनशे मीटरच्या आत झालेली फवारणी आणि ताटात दिसलेले जिवंत व मृत कीटक यांची नोंद द्यावी. मोबाइलवर ताटाचे छायाचित्र काढून ठेवावे. पुढे वाद झाला तर तोंडी वर्णनापेक्षा ते अधिक उपयोगी पडते. प्रयोगशाळेला कशाचा संशय आहे हे सांगितल्याशिवाय नेमकी चाचणी लावता येत नाही. जबलपूर परिसरातील शेतकऱ्यांनी नानाजी देशमुख पशुवैद्यक विज्ञान विश्वविद्यालयाच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयाशी आणि विदर्भातील शेतकऱ्यांनी नागपूर येथील मत्स्यविज्ञान महाविद्यालयाशी किंवा जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालयाशी संपर्क साधावा. नमुना घेऊन निघण्यापूर्वी दूरध्वनी करून तो कशा स्वरूपात हवा हे विचारून घ्यावे. अवशेष तपासणीची सोय प्रत्येक ठिकाणी नसते आणि चुकीच्या ठिकाणी गेलेला नमुना वाटेतच निकामी होतो.